सव्वा मूठ गहू

दोंडाईच्यात दिपमालाताईंच्या मिरची कांडपावर अभिमन पाटील काम मागायला गेला, तेव्हा त्याने दारातच सगळं सांगून टाकलं. नाशिकच्या जेलमध्ये सहा वर्षं काढली आहेत. माणसाला मारलं म्हणून. माणूस जिवंत आहे, पण लंगडतो. दिपमालाताई पोत्याचं तोंड शिवत बसल्या होत्या. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, मिरचीचा खकाणा सोसतो का. सोसतो, असं म्हणून त्याने लगेच सटासट पाच शिंका दिल्या. ताईंना हसू आलं. मुलाखत म्हणून जी काय झाली ती एवढीच.

त्याला आता दीड वर्ष झालं होतं. शिंका कधीच थांबल्या होत्या, डोळे मात्र कायमचे लाल झाले होते. नव्या माणसाला वाटे, गडी सकाळीच लावून आलाय. खरं तर अभिमनने दारू सोडली होती, आणि दारूच कशाला, स्वतःपुरता एक नियमच करून टाकला होता. जिथे आवाज चढेल तिथून उठायचं. का चढला, चूक कोणाची, हे विचारायला थांबायचं नाही. एकदा स्टेशनाबाहेरच्या टपरीवर मोटारसायकल लावण्यावरून दोघांची जुंपली, तर हा भरलेला कप तसाच ठेवून चालू लागला. एवढा धिप्पाड माणूस आणि काळीज चिमणीचं, असं टपरीवाला मागून म्हणाला. हे अभिमनच्या कानावर आलं तेव्हा त्याला राग नाही आला. उलट इतकं बरं वाटलं की त्या संध्याकाळी तो दोन भाकरी जास्त जेवला.

कारण आधीच्या आयुष्यात त्याला भित्रा म्हणायची कोणाची छाती नव्हती. एरंडोलच्या बाजूला गिरणाकाठी त्याचं गाव. तिथली वाळू योगराज नावाचा माणूस उपसायचा आणि अभिमन त्याच्याकडे आधी डंपरवर ड्रायव्हर होता. मग हळूहळू स्टिअरिंग सुटलं आणि हातात लोखंडी रॉड आला. कोणी वाट अडवली, कोणी फोटो काढले, की योगराज नुसतं नाव सांगे आणि अभिमन जाऊन येई. डोक्यात बसला तर माणूस मरतो आणि प्रकरण वाढतं, म्हणून पायावर मारायचं, हे त्याचं शास्त्र होतं. असे त्याने किती पाय मोडले, ते त्यालाही सांगता यायचं नाही. शेवटचा पाय बन्सीलालचा.

बन्सीलाल त्याचा सख्खा चुलतभाऊ. लहानपणी एका ताटात जेवलेले दोघं. डंपर शेतातून जाऊन कपाशी चिरडतात म्हणून बन्सीलालने वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या, आणि योगराजने त्याचं नाव सांगितलं. जाताना अभिमनचे पाय जड झाले, मनात कालवाकालव झाली, असलं काही घडलं नाही. खोटं कशाला सांगायचं? तो गेला, त्याने मारलं आणि घरी येऊन जेवला. मन खाऊ लागलं ते पुढे, जेलमध्ये, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. एकदा लागलं ते मग थांबलं नाही.

आता इथे कानबाईचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही उमगणार नाही. श्रावणात एका रविवारी खान्देशात घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ घालून, साडीचोळी नेसवून तिला चौरंगावर बसवतात, आणि तिचे रोट होतात. रोट म्हणजे पुरणाच्या पोळ्याच, पण त्यांचे गहू आणि हरभऱ्याची डाळ शेर-पायलीने मोजत नाहीत. भाऊबंदकीत जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावाने प्रत्येकी सव्वा मूठ घ्यायची. पाळण्यातल्या पोराची मूठ असते, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचीही असते. पहाटेपासून राबणाऱ्या बायकांची मात्र नसते, आणि आजवर एकीनेही का म्हणून विचारलेलं नाही. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. सासरी गेलेल्या लेकीला त्यातला घास मिळत नाही, मग परक्याचं तर नावच नको. ज्याची मूठ धरली तो आपला. ज्याची धरली नाही, तो जिवंत असला काय आणि नसला काय.

अभिमनची मूठ त्याला शिक्षा झाली त्याच वर्षी बंद झाली. बन्सीलालचे वडील, आबा, भाऊबंदकीत थोरले. त्यांनी शब्द टाकला आणि सगळ्यांनी मान डोलावली. घरातली मोठी बाई म्हणून मूठ मोजायचा मान अभिमनच्या आईचा, कुंदाबाईचा. तिने त्या वर्षी सगळ्यांची नावं घेतली आणि पोराच्या नावाशी आल्यावर ओठ मिटले. सुटून आला त्या दिवशी तो गावात गेला होता. आबा ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, हा या घरात शिरला तर बन्सी अन् मी गाव सोडून जाऊ. अभिमन उंबऱ्यातूनच आईच्या पाया पडला आणि उलट्या पावली एस.टी. स्टँडवर आला. धाकटा भाऊ हितेंद्र त्याला सोडायलाही आला नाही. तेव्हापासून आई हितूच्या फोनवरून चोरून दोन-चार मिनिटं बोलायची. जेवलास का, हे पहिलं आणि शेवटचंही वाक्य तेच.

तर यंदा श्रावण लागला आणि फोन आला तो खुद्द आबांचा. अभिमन पिठाच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. आबांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"औंदा रोटले ये," ते म्हणाले. "तुनी मूठ लेवानी ठरेल शे."

बन्सी काय म्हणतो, एवढंच अभिमनने विचारलं. बन्सीनेच विषय काढला, असं आबा म्हणाले आणि फोन ठेवून दिला. अभिमन कांडपाच्या मागच्या बाजूला गेला, पोत्यांच्या थप्पीला कपाळ टेकवून रडला, आणि डोळे पुसत बाहेर आला तर कोणाला काही वेगळं दिसलंही नाही. डोळे लाल असण्याचा तेवढा फायदा होता.

दिपमालाताईंनी तीन दिवसांची सुट्टी दिली, आईसाठी किलोभर तिखट बांधून दिलं, आणि मंगळवारी परत या, माल चढवायचाय, असं बजावलं. शनिवारी पहाटेची गाडी धरून तो धरणगावला उतरला, तिथून बसने एरंडोल आणि पुढे गाव. अंगात नवा पांढरा शर्ट. वाटेत तो मनातल्या मनात बन्सीलालशी बोलत होता. माफी मागायची तर कशी मागायची, पाय धरायचे तर कुठला पाय धरायचा, चांगला की मोडलेला, असले वेड्यासारखे विचार येत होते आणि त्यातच धरणगाव कधी आलं ते कळलं नाही.

घरी पोचला तेव्हा मधल्या खोलीत बायका सुपं घेऊन बसल्या होत्या आणि पुरुष भिंतीला टेकून. कुंदाबाईसमोर गव्हाचं पोतं आणि परात होती. तिने पोराकडे पाहिलं, पण उठली नाही, कारण मोजायला बसलेली बाई मधून उठत नाही. आबांचं नाव घेऊन मूठ, वर पाव मूठ. बन्सीलाल, मूठ. हितेंद्र, मूठ. हितूची दोन पोरं, मग बाकीचे. सोळा नावं झाली. सतराव्याला म्हातारीचा हात परातीवरच थबकला आणि तिने आबांकडे पाहिलं. आबांनी बन्सीलालकडे पाहिलं. बन्सीलाल कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता, मोडका पाय सरळ पुढे सोडून. त्याला मांडी घालता येत नव्हती. त्याने मान हलवली.

"अभिमन," कुंदाबाई म्हणाली आणि मूठ भरली. घाईत काही गहू परातीबाहेर सांडले. ते तिने एकेक करून वेचले.

अभिमनला वाटलं, सुटलो. इथेच त्याची चूक झाली, आणि ही चूक दुसऱ्या मुलखातल्या माणसाकडून झालीच नसती. परक्या माणसाने आधी विचारलं असतं, की इतकी वर्षं दारात उभं न करणारे लोक आज असे अचानक का विरघळले? पण सव्वा मूठ गहू परातीत पडलेले पाहिल्यावर खान्देशातला माणूस पुढचं काही विचारत नाही. त्याच्या लेखी ते कोर्टाच्या निकालापेक्षा मोठं असतं. अभिमनच्या लेखी ती क्षमा होती, पूर्ण आणि कायमची.

रविवारी रोट झाले. सतरा पुरुषांची पंगत बसली, एकटा बन्सीलाल खुर्चीवर, आणि आबांनी अभिमनला बरोबर त्याच्या शेजारी बसवलं. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. पहिला घास घेण्याआधी अभिमनने बन्सीलालच्या गुडघ्याला हात लावला आणि पाठ केलेलं बोलायला तोंड उघडलं.

"जेव आदी," बन्सीलाल म्हणाला. "आज कोनी काई बोलानं नही."

केवढं मोठं मन, असं वाटून अभिमनने घास उचलला. हितू समोर बसला होता. तो सबंध जेवणात एकदाही भावाच्या नजरेला नजर देऊ शकला नाही, पण ते अभिमनच्या ध्यानातच आलं नाही. तो जेवत होता. अकरा-बारा रोट त्याने खाल्ले असतील.

सोमवारी सकाळी बायका कानबाईला डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत नदीवर निघाल्या. पावसाने ओढ दिली होती. गिरणेला जेमतेम पोटरीभर पाणी, आणि पात्रात जिथे पाहावं तिथे खड्डे, घर मावेल एवढे. बायकांना देवी पाण्यात शिरवायला धड जागा सापडेना. परत येताना आबांनी अभिमनला बन्सीलालच्या बांधावर थांबवलं. भाऊबंदही थांबले, जणू आधीच ठरलं होतं. ठरलंच होतं म्हणा.

आबा शांतपणे बोलले. योगराज आता रोज पहाटे आठ-आठ गाड्या काढतो. बन्सीच्या शेतातून पुन्हा वाट पाडली आहे, कपाशीच्या चार ओळी गेल्या. नदीकाठची विहीर ढासळली, ती सगळ्या भाऊबंदकीची होती. अर्ज करून झाले, हातापाया पडून झालं. ते लोक हसतात. पण तू एकदा बांधावर उभा राहिलास तर हसणार नाहीत. हात उचलायचा नाही. नुसतं उभं राहायचं.

अभिमनला सगळं एकदम कळलं, शनिवारची परात, पंगतीतली जागा, सगळंच. तो म्हणाला, त्यापेक्षा मी पोलिसात जबाब देतो. योगराजचा माल कुठे पडतो, पावत्या कोण छापतो, मला सगळं माहीत आहे, लिहून सही करतो. हे ऐकून एकाने चक्क तोंड फिरवलं. कोर्टाच्या वाऱ्या कोण करील, आणि तोवर रात्री-बेरात्री गोठे पेटले तर? जबाबाला कोण भितं, असं आबा म्हणाले. तुला भितात.

मग बन्सीलाल काठी टेकत पुढे आला.

"मन्हा पाय गया तो गया," तो म्हणाला. "त्यानं मी तुले काहीच मांगस नही. एक दिन मन्हा बाजूले उभा ऱ्हाय."

आयुष्यात त्या माणसाचं अभिमन एकच देणं लागत होता आणि त्या माणसाने ते असं मागितलं होतं. तरी त्याने एक अट घातली, की कोणीही हातात काही घ्यायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, तेवढ्याच सहज जेवढ्या त्याची मूठ बंद करताना डोलावल्या होत्या. घरी कुंदाबाईला हे सांगावं असं त्याला फार वाटलं. पण ती रोटाची भांडी घासत गाणं गुणगुणत होती, सात-आठ वर्षांत पहिल्यांदा, असं हितूची बायको म्हणाली. मग त्याने नाही सांगितलं.

मंगळवारी फटफटलं तेव्हा बारा जण बांधावर होते. बन्सीलालही आला होता. गाडीचा आवाज ऐकू आला आणि लोकांनी कपाशीत हात घालून काठ्या बाहेर काढल्या. रात्रीच आणून ठेवल्या होत्या. आबांनी एक अभिमनच्या हातात दिली आणि नुसती धर म्हणाले. त्याने धरली. का धरली, हे त्याला पुढे कितीदा तरी विचारावंसं वाटलं, पण विचारणार कोणाला? हाताला सवय होती, दिली की धरायची.

डंपर आला आणि थांबला. ड्रायव्हर खाली उतरला तो भटू. धुळ्याकडचा, पन्नाशीला आलेला. डंपर चालवायला अभिमन याच्याकडूनच शिकला होता. भटूने बांधावरची माणसं पाहिली, मग अभिमनला पाहिलं, मग त्याच्या हातातली काठी. तो पळाला नाही की ओरडला नाही. त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या, जमिनीवर उकिडवा बसला आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले.

"पायवर नको मारजो भाऊ," तो म्हणाला. "गाडी चालावनी शे माले."

या माणसाला अभिमनचं शास्त्र पाठ होतं. जेल, मिरची, दीड वर्षाचा नियम, यातलं भटूला काही माहीत नव्हतं आणि असतं तरी त्याने चपला काढल्याच असत्या. अभिमनने काठी लांब कपाशीत भिरकावली. भटूला म्हणाला, ऊठ, गाडी मागे घे. भटूचा विश्वास बसेना. तो बसूनच राहिला.

"मार," मागून बन्सीलाल म्हणाला. आणि मग, अगदी हळू, "पायवरच मार."

तो आवाज ऐकून अभिमन वळला. बन्सीलालचा चेहरा पांढरा पडला होता आणि डोळे भटूच्या पायांवर खिळले होते. एवढी वर्षं त्या माणसाने काय काढलं असेल, ते तिथे दिसत होतं. अभिमनला ते पाहवलं नाही. आवाज आता सगळ्यांचेच चढले होते, आणि त्याने आपला नियम पाळला. तो निघाला. बांधावरून, कपाशीतून, हमरस्त्याच्या दिशेने. शंभर पावलं गेला असेल तोच पहिला फटका ऐकू आला. मग लागोपाठ. भटूचा आवाज, आणि त्या सगळ्या गलक्यात सर्वांत वर हितूचा, जो हितू लहानपणी बैलालासुद्धा चाबूक लावत नसे. अभिमन मागे फिरला असता तर ते थांबले असते. त्याला ते पक्कं माहीत होतं. ती सगळी माणसं त्याला भीत होती, योगराजच्या लोकांइतकीच. पण स्वतःचे हात स्वच्छ ठेवायच्या नादात तो चालतच राहिला, आणि रस्त्यावर आल्यावर समोर दिसली त्या बसमध्ये चढला.

दुपारी तो दोंडाईच्यात कामावर हजर होता. ताईंनी विचारलं, सण कसा झाला. चांगला झाला, म्हणाला. माल चढवला, गिरणीचं जातं साफ केलं, शटर ओढलं. कुलपाची किल्ली ताई गेल्या दिवाळीपासून त्याच्याकडेच ठेवत, ती त्या दिवशी त्याने त्यांच्या हातात दिली. का, ते त्यांनी विचारलं नाही.

बुधवारी सकाळी फोन आला. नंबर हितूच्या बायकोचा होता, आवाज आईचा.

"जेवना का रे?" तिने विचारलं.

जेवलो, तो म्हणाला. मग ती सांगू लागली. भटूचा पाय दोन ठिकाणी मोडला, त्याला जळगावच्या दवाखान्यात नेलंय. पोलीस गावात दोनदा येऊन गेले. बन्सी अंथरुणातून उठत नाही. हितू कालपासून सासुरवाडीला शिंदखेड्याला जाऊन लपलाय आणि त्याची पोरं रडून रडून आजारी पडली आहेत. हे सगळं तिने एका दमात सांगितलं.

"माय, मी हात लावा नही त्याले," अभिमन म्हणाला.

"माले माहीत शे."

तिच्या मागे कोणीतरी आहे का, हे अभिमनने कान देऊन ऐकलं. कोणी नव्हतं. तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती स्वतःच बोलली.

"हितूनं नाव लेऊ नको रे बापा," कुंदाबाई म्हणाली. "तुले सवय शे तठली. त्याले नही."

अभिमनने फोन कानापासून दूर धरला. त्याने फोन ठेवला की काय असं तिला वाटलं असावं, कारण तिने दोनदा त्याचं नाव घेऊन हाक मारली. त्याला जे झालं त्याला नुसतं दुःख म्हणता आलं नसतं. मार खाताना ओरडता तरी येतं. इथे तेही नव्हतं, कारण म्हातारी खोटं बोलली नव्हती. त्याला सवय होतीच. पहाटेची गिनती, ॲल्युमिनियमचं ताट, चाळीस माणसांच्या घोरण्यात झोपायचं, सगळ्याची. तिने दोन लेकरं तोलून पाहिली आणि ज्याला कमी लागेल असं वाटलं त्याला पुढे केलं. सगळ्याच आया करतात, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं, आणि ते खरं असूनही उपयोग झाला नाही.

दुपारी पोलीस आले. कांडपात खकाणा होता, त्यामुळे दोघं शिपाई नाकाला रुमाल लावून बाहेरच थांबले. अभिमन हात धुऊन आपण होऊन बाहेर आला. दिपमालाताई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, काही नसेल, परत याल. तो हो म्हणाला.

एरंडोलच्या ठाण्यात फौजदार बाई तरुण होत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि अहो-जाहो केलं. आजवर खाकीतल्या कोणी त्याला अहो म्हटलं नव्हतं, त्यामुळे तो आधीच गोंधळला. योगराजच्या माणसाने दिलेल्या फिर्यादीत तुमचं नाव पहिलं आहे, बाई म्हणाल्या, आणि बाकी दहा-बारा अनोळखी. पण त्यांनी दवाखान्यात जाऊन भटूचा जबाब स्वतः घेतला होता. तो त्यांनी वाचून दाखवला. अभिमनभाऊने काठी फेकली, मला ऊठ म्हणाला, आणि तो निघून गेल्यावर बाकीच्यांनी मारलं. गावच्या लोकांची नावं मला माहीत नाहीत.

"तुम्ही फक्त नावं सांगा," बाई म्हणाल्या. "साक्षीदार म्हणून सही करा आणि रात्रीच्या गाडीने कामावर जा. मला खरं सांगा, तुमचा इतिहास मला नको आहे."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्यासाठी दार उघडून उभं होतं. अभिमनला ते दिसत होतं. दोंडाईच्याचं स्टेशन, टपरी, पिठाचे डबे, सगळं त्या दारातून दिसत होतं. त्याने नावं मनात मोजली. आबा. बन्सीलाल, ज्याला मांडी घालता येत नाही, तो जेलमधल्या संडासात बसणार कसा? हितेंद्र. मग बाकीचे. आणि घरात उरलेली म्हातारी, जी पुढच्या श्रावणात परात घेऊन बसली तर नावं कोणाची घेणार? शिवाय भटूची किंकाळी कानात होती. काठी मी फेकली, पण पाठही मीच फिरवली, हेही खोटं नव्हतं. त्याने कितीही विचार केला तरी तो फिरून तिथेच येत होता.

"भटूचा पाय जुळेल का?" त्याने विचारलं.

सळई घालावी लागेल, बाई म्हणाल्या. गाडी चालवता येणं कठीण आहे.

"मग लिहा," अभिमन म्हणाला. "मी मारलं. एकट्यानं. बाकी कोणी नव्हतं तिथे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग भटू खोटं कशाला बोलेल, त्यांनी विचारलं. तो म्हणाला, मला घाबरून. जुनी ओळख आहे, माझं नाव घ्यायला घाबरतो. हे इतकं पटण्यासारखं होतं की त्यावर बाईंना काही विचारता येईना. त्यांनी त्याला पाणी दिलं, दहा मिनिटं एकटं बसवलं, परत येऊन तोच प्रश्न विचारला. उत्तर तेच आलं. दाराशी उभा असलेला जुना हवालदार हसला आणि म्हणाला, मॅडम, मी सांगत होतो ना. बाईंनी त्याच्याकडे रागाने पाहिलं आणि कागद पुढे ओढला.

नाव, वय, गाव लिहून झालं. अटकेच्या पंचनाम्यावर त्याने सही केली. अक्षर त्याचं अजून चांगलं होतं. शेवटी बाईंनी फोन हातात घेतला आणि नियमाप्रमाणे विचारलं, अटकेची खबर घरी कोणाला द्यायची.

"घरी माहीत आहे," अभिमन म्हणाला.